कंट्रोलरसाहेबांचा गतिरोधक

अक्का आली नाही हे कंट्रोलरसाहेबांच्या लक्षात आलं ते संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी. सात मिनिटं म्हणजे तुमच्या-माझ्या दृष्टीने काहीच नाही. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं बस डेपोच्या फाटकापाशी बसून कुठली गाडी कधी सुटली आणि कधी परत आली हे रजिस्टरात लिहिलं, त्याच्या दृष्टीने सात मिनिटं म्हणजे चौकशी लागण्याइतका उशीर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणायची. घरात बायको 'अहो' म्हणायची. आणि त्यांना अजूनही 'बाळ्या' म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. ती म्हणजे ही थोरली बहीण, अक्का.

अक्का समोरच राहायची. समोर म्हणजे अगदी समोर, फाटकासमोर फाटक, मधे फक्त रस्ता. मोठ्या इस्पितळात हेड नर्स म्हणून तिने आयुष्य काढलं होतं. तिने चष्म्यावरून पाहिलं की चाळीस खाटांचा वॉर्ड गप्प व्हायचा, आणि राउंडला आलेले डॉक्टरही हळूच खिशातले हात बाहेर काढायचे, असं म्हणत. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. भाऊ निवृत्त झाला त्याच वर्षी तिने समोरचं घर घेतलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला रस्ता ओलांडून ती पत्ते खेळायला यायची. ती, कंट्रोलरसाहेब आणि बायको. दोन तास डाव चालायचा. त्यात अक्का उघडउघड लबाडी करायची, कंट्रोलरसाहेब उघडउघड चिडायचे आणि बायको चहा करायला उठायची. अकरा वर्षांत यात खंड पडला नव्हता.

बायकोने फोन केला. अक्का म्हणाली, "अगं, त्या गाड्या बघ कशा अंगावर येतात! मला नाही बाई आता रस्ता ओलांडवत. या वयात हाडं मोडून घेऊ का?"

यात खोटं काही नव्हतं. मोठ्या रस्त्यावर नवा सिग्नल लागल्यापासून जो तो सिग्नल चुकवायला या गल्लीत घुसत होता, आणि गल्ली सरळ असल्यामुळे सुसाट सुटत होता. दोन दिवस कंट्रोलरसाहेब बायकोशीच पत्ते खेळले. पण बायको लबाडी करत नसे, त्यामुळे डावात काही रामच नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्ते गुंडाळून ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे व्हरांड्यात अक्का एकटीच बसली होती. त्यांना फार वाईट वाटलं. 

"मी स्पीडब्रेकर आणतो," ते म्हणाले.

"आणतो म्हणजे? बाजारात मिळतो का?" बायको हसून म्हणाली.

झालं. इथून पुढे जे काही घडलं, त्याला हे एक वाक्य कारणीभूत आहे हे लक्षात ठेवा. एरवी कंट्रोलरसाहेब दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळेपर्यंत ते विसरूनही गेले असते. पण बायको हसली होती. नवरा नावाच्या प्राण्याला एकदा बायको हसली की माघार घेता येत नाही.

बातमी सगळ्यात आधी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना लागली. डॉक्टरांनी ताबडतोब पाठिंबा दिला. इतका ताबडतोब दिला की कंट्रोलरसाहेबांना शंका आली. स्पीडब्रेकरवर आदळून लोकांच्या दातांतलं सिमेंट पडतं का, असं त्यांनी सहज विचारलं. डॉक्टर म्हणाले, "छे छे, तसं काही नाही." पण म्हणताना त्यांची नजर रस्त्याकडे गेली आणि चेहऱ्यावर समाधान दिसलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई मात्र खवळल्या. "माझे केक जातात या रस्त्याने! क्रीमचे! तीन मजल्यांचे! त्या तुमच्या उंचवट्यावरून गेले की लग्नाचा केक पोचेपर्यंत तळमजल्यावर येईल, त्याचं काय?" कंट्रोलरसाहेबांनी एक बिस्किटाचा पुडा विकत घेतला आणि ते निमूटपणे निघून आले.

रस्ते विभागाचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली. तिच्यात फायली जास्त, माणसं कमी आणि पंखा एकच. चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा करून पाहिला.

"गतिरोधक पाहिजे?"

"हो."

"अपघात किती झाले आतापर्यंत?"

"एकही नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग कशाला पाहिजे?"

"होऊ नये म्हणून."

"अहो साहेब, असं कसं चालेल? इथे रकाना आहे बघा, 'झालेल्या अपघातांची संख्या'. त्यात मी काय लिहू?"

"शून्य लिहा."

"शून्य लिहिलं की अर्ज आपोआप खालच्या गठ्ठ्यात जातो." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. "बघा ना एखादा छोटासा. कुणाला खरचटलं, कुणाची सायकल पडली..."

कंट्रोलरसाहेब ताडकन उठले. चौतीस वर्षांत त्यांनी रजिस्टरात मिनिटाचीही खाडाखोड केली नव्हती, आणि हा गृहस्थ त्यांना अपघात जमवायला सांगत होता! ते दारापर्यंत तरातरा गेले, मग छत्री विसरली म्हणून परत आले. परत आल्यावर पुन्हा तसंच तरातरा जाणं बरं दिसेना, म्हणून पुन्हा बसले. कारकुनाला त्यांची दया आली असावी. अपघात नसतील तर दुसरी एक वाट आहे, असं त्याने सांगितलं. रस्त्याची रुंदी, जागेचा नकाशा, रहिवाशांच्या सह्या आणि तीन दिवसांची वाहनमोजणी वेगासकट. सगळं तीन प्रतींत.

मोजणी! कंट्रोलरसाहेबांचा चेहरा उजळला. जगात एवढं एकच काम त्यांना येत होतं, आणि सरकार नेमकं तेच मागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाटकाबाहेर टेबल लागलं. टेबलावर रेघा आखलेलं रजिस्टर, तीन रंगांची पेनं आणि स्टॉपवॉच. रस्त्यावर तीस मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा. वरच्या रेघेपाशी लाल रुमाल घेऊन बायको उभी. गाडी रेघ ओलांडेल तेव्हा तिने रुमाल खाली करायचा, की इकडे स्टॉपवॉच सुरू. "मला भाजी चिरायचीय," असं ती तीनदा म्हणाली होती, पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. सकाळचा गारठा होता म्हणून कंट्रोलरसाहेबांनी कपाटातला जुना खाकी कोट अंगात घातला. कोटाच्या खिशात शिट्टी होती, ती सवयीने गळ्यात आली.

आणि इथे जे व्हायचं तेच झालं.

पहिली मोटार कोपऱ्यावरून भरधाव वळली. खाकी कोट, टेबल, रजिस्टर आणि लाल रुमाल पाहिला, आणि चालवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मोटार अशी हळू झाली की मागून येणाऱ्या आजोबांनी चालत तिला गाठलं. दुसरा तर टेबलापाशी येऊन थांबलाच, काच खाली करून त्याने लायसन्स पुढे केलं. आता कुणी कागद पुढे केला की तो तपासायचा, ही कंट्रोलरसाहेबांची चौतीस वर्षांची सवय. त्यांनी तपासला, "मुदत पुढच्या महिन्यात संपतेय," असं बजावलं आणि परत दिला. तो माणूस तीनदा आभार मानून गेला. दहा वाजेपर्यंत अकरा जणांनी लायसन्स दाखवलं, दोघांनी हेल्मेट नसल्याबद्दल माफी मागितली आणि एका बाईंनी आपला नवरा कसा बेफाम गाडी चालवतो याची तक्रार नवऱ्यादेखत नोंदवली.

तीन दिवसांची सरासरी निघाली ताशी चौदा किलोमीटर.

"लिहा की साठ!" बायको म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"काय वाट्टेल ते झालं तरी मी रजिस्टरात खोटं लिहिणार नाही," कंट्रोलरसाहेब म्हणाले. मोह मात्र त्यांनाही झाला होता.

एक गोष्ट मात्र त्या तीन दिवसांत बायकोच्या लक्षात आली. गल्लीतून गाड्या अशा मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या, तरी अक्का काही आली नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीतून ती सगळी गंमत बघायची, अधूनमधून हात हलवायची. बायकोने हाक मारून बोलावलं तर म्हणाली, "नको गं, बघू मग." कंट्रोलरसाहेब म्हणाले, "हे तात्पुरतं आहे हे तिला कळतं. अक्का हुशार आहे. पक्का स्पीडब्रेकर झाल्याशिवाय ती यायची नाही." बायकोने पुन्हा एकदा व्हरांड्याकडे पाहिलं.

ऑफिसात कारकुनाने आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. "साहेब, चौदा? अहो, या वेगाला गतिरोधक दिला तर गाड्या मागे जायला लागतील!" मागच्या रांगेतले दोघे हसले. कंट्रोलरसाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. फेरमोजणीची परवानगी मात्र मिळाली.

या वेळी लपून बसायचं ठरलं. दातांच्या डॉक्टरांच्या कुंपणाला मेंदीची दाट झुडपं होती. त्यांच्या आड एक बुटकं स्टूल, स्टुलावर कंट्रोलरसाहेब, मांडीवर रजिस्टर. खाकी कोट त्यांनी उलटा घातला, म्हणजे अस्तराचा हिरवा रंग बाहेर. ही कल्पना त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमानही वाटत होता. रुमालाचीही आता गरज नव्हती, झुडपांच्या फटीतून दोन्ही रेघा दिसत होत्या. पहिल्या दोन तासांत आकडे कसे झक्क आले! एकेचाळीस, अडतीस, बावन्न. मग एक पांढरी जीप अशी गेली की झुडपांची पानं फडफडली. कंट्रोलरसाहेबांनी आनंदाने लिहिलं, एकसष्ट, आणि पुढे नंबरही लिहिला.

एवढ्यात डॉक्टरांकडून दाढ काढून घेतलेल्या एक बाई बाहेर पडल्या. त्यांना झुडपात दोन डोळे दिसले. तोंड बधिर झालेलं, त्यामुळे ओरडताही येईना. त्यांनी आत जाऊन कागदावर लिहून दाखवलं. डॉक्टरांच्या कंपाउंडरने पोलिसांना फोन केला, आणि वीस मिनिटांत हवालदार हजर.

"बाहेर या. काय चाललंय?"

"मोजणी."

"कसली?"

"गाड्यांची."

"झुडपात बसून?"

"बाहेर बसलं की गाड्या हळू जातात हो."

हवालदाराने यावर बराच विचार केला. "मग बाहेरच बसा की," तो म्हणाला. "तुम्हाला त्या हळूच जायला पाहिजेत ना?"

केसांत मेंदीची पानं, अंगात उलटा कोट, समोर पोलीस आणि भोवती निम्मी गल्ली. बेकरीवाल्या बाई तर गल्ल्यावर कुणालाही न बसवता धावत आल्या होत्या. अशा अवस्थेत माणसाने सरकारी नियमावली समजावून सांगायची तरी कशी? कंट्रोलरसाहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात पलीकडच्या व्हरांड्यातून एकेकाळी वॉर्ड गप्प करणाऱ्या अक्काचा आवाज आला.

"अहो हवालदार! तो माझा भाऊ आहे. वेडा आहे, पण चोर नाही. सोडा त्याला!"

आणि अक्का हसायला लागली. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत हसायला लागली. कंट्रोलरसाहेबांना राग यायला हवा होता. पण कितीतरी दिवसांनी तिचं हसणं ऐकलं, आणि त्यांना उगाचच बरं वाटलं.

मोजणी कशीबशी पुरी झाली, आणि आठवड्याभराने जागा पाहायला इंजिनिअर आले. तरुण, घाईत, हातात फाईल. "गतिरोधक काय कुणीही मागतं," असं म्हणतच त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आकड्यांवरून बोट फिरवत खाली आले. एके ठिकाणी बोट थांबलं. इंजिनिअरांनी मान वळवून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या जीपकडे पाहिलं. मग पुन्हा रजिस्टरात पाहिलं.

"त्या दिवशी... मीटिंगला उशीर होत होता," ते म्हणाले.

"कारण लिहायला रकाना नाहीये," कंट्रोलरसाहेब नम्रपणे म्हणाले. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. रकाना खरंच नव्हता.

मंजुरी जागच्या जागी मिळाली.

आता प्रश्न उरला जागेचा. गल्लीतल्या तेवीस घरांनी गतिरोधकासाठी सह्या केल्या होत्या, आणि तेवीसही घरांची अट एकच होती, आपल्या दारासमोर नको. डॉक्टर म्हणाले, गाडी धाडकन आदळली आणि माझा हात हलला तर मी भलताच दात काढून बसेन. बेकरीवाल्या बाईंनी केकचा विषय पुन्हा काढला. शेवटी कंट्रोलरसाहेबांनी छाती काढून सांगितलं, "माझ्या फाटकासमोर करा." दिवसभर ब्रेक आणि हॉर्न ऐकायला लागणार म्हणून बायकोने कपाळाला हात लावला, पण त्यांना तेच हवं होतं. हे फाटक ते अक्काचं फाटक, सरळ रेघ.

माणसं आली, खडी आली, डांबर आलं. एका सकाळीत काम झालं. ते इतकं मनापासून झालं की ज्या रोडरोलरने तो उंचवटा दाबला, तोच परत जाताना त्यावर अडला आणि चौघांनी ढकलून त्याला पार करावं लागलं. पांढरे पट्टे मारले गेले. डांबर सुकलं. दुपारी पहिली मोटार आली, दचकली, थांबली, आणि नव्या नवरीसारखी हळूच उंबरा ओलांडून गेली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या बाईंनी सुद्धा.

संध्याकाळी पावणेपाचलाच कंट्रोलरसाहेबांनी टेबल पुसलं, पत्ते पिसले आणि तीन खुर्च्या मांडल्या. पाच वाजले. पाच वाजून सात झाले. साडेपाच झाले. अक्का समोर व्हरांड्यात बसलेली दिसत होती. हलली नाही.

ते फाटकापाशी गेले. "अक्का! ये ना आता! बघ, गाड्या कशा गोगलगाय झाल्यात!"

"बघितलं. छान झालाय."

"मग ये की!"

"नाही यायचं मला."

कंट्रोलरसाहेबांचा चेहरा इतका उतरला की तो पलीकडूनही दिसला असावा. "अगं, मग हे सगळं मी केलं कुणासाठी? त्या झुडपात बसलो, पोलिसांपुढे उभा राहिलो, तीन-तीन प्रती केल्या! तुला गाड्यांची भीती वाटते म्हणून ना?"

"मला?" अक्का म्हणाली. "अरे, आयुष्यभर मी इस्पितळासमोरचा चौक ओलांडला, ट्रकांच्या मधून. मला कसली भीती?"

"मग तू म्हणालीस ते..."

"बाळ्या, अकरा वर्षं मी रोज तिकडे आले. तू इकडे किती वेळा आलास?"

कंट्रोलरसाहेब मोजायला लागले. सवयच ती. एकदा फ्यूज उडाला होता तेव्हा... नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनला पाठवलं होतं. तिला ताप आला होता तेव्हा... तेव्हा बायको गेली होती. नवीन घर घेतलं तेव्हा सामान लावायला एकदा. एक. ते तिथेच थांबले.

अक्काचा आवाज नेहमीचा नव्हता. "गुडघा दुखायला लागला. वाटलं, मी दोन-चार दिवस नाही गेले तर येईल आपणहून. म्हणजे बोलवायला नको, सांगायला नको. म्हणून म्हटलं, गाड्यांची भीती वाटते. आणि तू काय केलंस? रस्ताच बदलून घेतलास, गाढवा!" एवढं बोलून ती हसली खरी, पण लगेच पदराने डोळे पुसले.

 कंट्रोलरसाहेबांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती पत्त्यांचा जोड हातात घेऊन केव्हाच मागे येऊन उभी राहिली होती.

दोघं फाटकाबाहेर पडले. उजवीकडून एक मोटार आली, उंचवट्यापाशी थांबली आणि चालवणाऱ्याने हाताने खूण केली, जा. हा रस्ता कंट्रोलरसाहेबांनी फुटाफुटाने मोजला होता. सात मीटर तीस सेंटिमीटर, नकाशात तीन प्रतींत लिहिलं होतं. तो त्यांनी ओलांडला आणि अक्काच्या फाटकाला हात घातला. फाटक उघडेना. त्यांनी ढकललं, ओढलं, कडी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. घाम आला. मागे मोटार अजून उभीच होती.

"वर उचल आधी," अक्का व्हरांड्यातून म्हणाली. "उचल, आणि मग ढकल."